बहुरूप्याची बक्षिसी

प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या पडद्यावर दोन रेषा चालल्या होत्या. वरची निळी, खालची तांबडी. निळी शिस्तीची होती; ठरलेल्या उंचीपर्यंत चढायची, ठरलेल्या वेळी उतरायची. तांबडीचं तसं नव्हतं. ती मध्येच थबकायची, कशाची तरी वाट पाहिल्यासारखी रेंगाळायची आणि मग सावकाश वर जायची.

डॉ. इरावती हुंडेकर त्या तांबड्या रेषेकडे बराच वेळ पाहत उभी होती. सोलापूरच्या गृहसंगणक आरोग्य केंद्राची ती प्रमुख. सोंगी फायली पकडण्यात तिचा हात धरणारं राज्यात कोणी नव्हतं, आणि हे तिलाही चांगलं ठाऊक होतं.

सोंगी फाईल म्हणजे एक असून दुसरंच भासवणारी फाईल. लग्नपत्रिका म्हणून येते, विजेचं बिल म्हणून येते, नातवाचा फोटो म्हणून येते. माणूस कौतुकानं उघडतो आणि घराच्या संगणकाच्या किल्ल्या परक्याच्या हातात जातात. पूर्वी त्यातून पैसे आणि फोटो जायचे. आता दारं, गॅस, पाण्याची मोटर, औषधांची आठवण, सगळंच गृहसंगणक सांभाळत असल्यामुळे जीवही जाऊ शकत होता.

"निळी रेषा मंजूर श्वासनियंत्याची, म्हणजे श्वासयंत्र चालवणाऱ्या फाईलची," इरावती म्हणाली. "तांबडी अशोक चौकामागच्या एका घरातली. नरसय्या यनगंदुल म्हणून आहेत. जन्मभर मागावर काम केलं, कापसाच्या धुळीनं छाती गेली. गृहसंगणक त्यांना श्वास देतो. काल दवाखान्यानं सहज नोंदी मागवल्या तर ही रेषा आली. श्वासनियंता बनवणारे म्हणतात, आमची फाईल असा श्वास देऊच शकत नाही."

डॉ. बशीर मुजावर खुर्चीत रेलून ऐकत होते. मूळचे ते प्राणिशास्त्राचे. विषारी फुलपाखरांसारखे पंख मिरवून पक्ष्यांना फसवणाऱ्या साध्या फुलपाखरांवर त्यांनी निम्मं आयुष्य घालवलं होतं. इरावती त्यांची विद्यार्थिनी, आणि निवृत्तीनंतर तिनंच त्यांना केंद्रात ओढून आणलं होतं.

"फाईलच्या नावाचं शेपूट, ती टिंबापुढची अक्षरं, बघितली काय?" त्यांनी विचारलं.

"सर, ते आता शाळेतली पोरंही बघतात. नावाचं शेपूट बरोबर, चिन्ह बरोबर, फाईलची पहिली अक्षरं बरोबर. सगळ्या मजकुरावरून निघणारा बोटठसासुद्धा मूळ फाईलशी जुळतो."

"बोटठसा जुळतो? मग ती मूळच की."

"तिथंच तर गोम आहे." इरावतीनं खुर्ची ओढली. "घरातला राखणदार ज्या क्षणी 'मला बघू दे' म्हणतो, त्या क्षणी ही फाईल स्वतःला मागे घेते आणि खिशात जपून ठेवलेली मूळ फाईल पुढे करते. तपासणी झाली की पुन्हा स्वतः कामाला लागते. असं असेल तरच हे सगळं जुळतं."

राखणदार म्हणजे प्रत्येक गृहसंगणकात असलेला पहारेकरी प्रोग्रॅम. घराशी बोलायचा तोच, परवानगी मागायचा तोच, आणि काही वावगं दिसलं की घरच्यांना सांगायचाही तोच.

"म्हणजे राखणदार आतून कितीही बघू दे, त्याला ती दिसणार नाही," मुजावर म्हणाले.

"आतून नाही. बाहेरून दिसेल. संगणक पूर्ण झोपवायचा आणि दुसऱ्या यंत्रानं त्याची साठवण वाचायची. झोपलेल्याला सोंग घेता येत नाही. मग आतून दिसलेलं आणि बाहेरून वाचलेलं शेजारी ठेवायचं. जिथं फरक, तिथं सोंग."

"आजवर का केलं नाही असं?"

"तो संगणक कधी झोपलाच नाही, सर. तो झोपला तर नरसय्यांचा श्वास थांबेल." ती उठली आणि कपाटातून एक पांढरं पेटीवजा यंत्र काढलं. "आज हे दुसरं श्वासयंत्र नेऊ. आणि फाईल सोंगी निघाली तर नियमाप्रमाणे तिथंच पुसायची."

"नियम कोणाचा?"

"माझाच आहे," इरावती जरा तोऱ्यात म्हणाली. "जीव सांभाळणाऱ्या यंत्रात सोंगी फाईल सापडली तर ती एक क्षणही ठेवायची नाही. का, चुकलं काही?"

मुजावर हसले. तांबड्या रेषेकडे पाहत ते पुटपुटले, "ती वाट कोणाची बघते, तेवढं कळायला पाहिजे होतं."

ते कोडं घराच्या उंबऱ्यातच सुटलं.

"या या, मॅडम, बसा, ऊन लई झालंय बाहेर, आणि हे साहेब तर ओळखीचे वाटतात, विजापूर वेशीकडं राहायचा काय तुम्ही, तुमचे वडील ईदला आमच्या कारखान्यात शिरखुर्मा पाठवायचे बघा," असं सगळं नरसय्या एका दमात बोलून गेले. नाकाला नळी, छाती भात्यासारखी पिचलेली, आणि तोंड मात्र अखंड चालू. वाक्य संपलं तेव्हा उशाशी असलेल्या यंत्रानं हलकेच श्वास भरला. तोवर ते थांबलं होतं.

इरावतीनं मुजावरांकडे पाहिलं. त्यांच्याही ध्यानात आलं होतं. तांबडी रेषा नरसय्यांचं बोलणं संपायची वाट पाहत होती.

"बोलायचं वेड पहिल्यापासून," सत्यवतीबाई, त्यांच्या पत्नी, पाण्याचे पेले ठेवत म्हणाल्या. "दवाखान्यातल्या मशीनवर मात्र एक शब्द धड निघायचा नाही. त्या मशीनशी झटून झटूनच छाती दमायची. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, एवढा उन्हाळा बघतील. त्याला किती उन्हाळे झाले." त्यांनी पदरानं हात पुसले आणि एकदम विचारलं, "तुम्ही ते काढायला आलाय का, मॅडम?"

इरावतीला खोटं बोलता आलं नाही. "आधी तपासणार. फसवी फाईल निघाली तर काढावी लागेल."

"मग ह्यांचं काय?"

"मंजूर फाईल बसवू."

"दवाखान्यातल्यासारखी?"

"हो."

स्वयंपाकघरात जाऊन सत्यवतीबाईंनी पाहुण्यांसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून ठेवली.

"राखणदार," इरावती म्हणाली, "तपासणीसाठी संगणक झोपवायचा आहे."

"अक्का, परवानगी आहे का?" भिंतीतून आवाज आला. शांत, जरा वयस्कर वाटणारा. इतक्या वर्षांत तो या घरातलाच झाला होता.

"आहे बाबा," सत्यवतीबाई म्हणाल्या.

इरावतीनं नळी पांढऱ्या पेटीला जोडली. घरातले बारीक दिवे मालवले गेले. पेटीनं पहिला श्वास दिला, मग दुसरा. निळ्या रेषेसारखे, एकसारखे. बाहेरून वाचणारं यंत्र संगणकाच्या साठवणीला लावून ती बाजूला बसली.

वाचन संपेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. घरातला ताण मुजावरांना सोसवेना, म्हणून त्यांनी गोष्ट काढली. "आमच्या गल्लीत एक बहुरूपी यायचा. हवालदाराचं सोंग. खाकी कपडे, दंडुका, मिशा. दारात येऊन दरडावायचा, 'चला ठाण्यावर, तुमच्या नावाचं वॉरंट आहे!' नवीन माणसाची पाचावर धारण बसायची. दरवर्षी यायचा, तोच वेश. एकदा भर बाजारात एका बाईची पोत खेचून चोर पळाला. लोक ओरडले, 'हवालदार, पकडा!' आणि हा पळाला की त्याच्यामागं! अंगावर खाकी, सगळे आपल्याकडं बघताहेत, उभं कसं राहायचं? पकडला चोराला. दंडुका लाकडाचा खेळण्यातला, पण पकडला."

सत्यवतीबाईंच्या चेहऱ्यावर मघापासून पहिल्यांदा हसू आलं. नरसय्यांनाही काही सांगायचं होतं. त्यांचे डोळे लकाकले. "बहुरूपी," ते म्हणाले, आणि पेटीनं श्वास भरला. "शेवटी तो..." पुन्हा श्वास आला. शब्द घशातच अडकला, ठसका लागला, चेहरा जांभळट झाला. सत्यवतीबाई धावल्या. छातीवर हात फिरवत म्हणाल्या, "नका बोलू. नंतर सांगा." नरसय्यांनी मान हलवली. सांगायचं राहून गेल्याची चुटपुट त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती, आणि इरावतीला ती पाहवली नाही.

वाचन संपलं. संगणक जागा केला. नळी मात्र तिनं पेटीलाच ठेवली. निकाल लागेपर्यंत संशयित फाईलच्या हाती माणूस द्यायचा नाही, हेही नियमात होतं.

"राखणदार, हे बाहेरून वाचलेलं घे. तुला आतून जे दिसतं त्याच्याशी पडताळ. जिथं फरक असेल ते मला दाखव."

घरातली माहिती घराबाहेर न्यायला कायद्यानं बंदी होती. त्यामुळे केंद्राची पद्धतच अशी होती, की पडताळणी त्या घराच्या राखणदाराकडूनच करून घ्यायची. तपासनीसांनी फक्त निकाल पाहायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि त्यात कोणाला काही खटकलं नव्हतं.

"एक फरक सापडला," राखणदार लगेच म्हणाला. "श्वासनियंता. आतून मूळ दिसतो, बाहेरून वेगळा आहे. बाकीची पडताळणी चालू आहे."

इरावतीच्या हातातल्या पडद्याच्या पाटीवर ती फाईल उलगडली. ती वाचत गेली तसे तिचे डोळे विस्फारत गेले.

"सर, ही चोरकान आहे."

चोरकान ही जुनी, बदनाम जात. घरातलं बोलणं चोरून ऐकायचं आणि मालकाकडे पाठवायचं, एवढंच तिचं काम. स्वतःच्या प्रती काढताना दर वेळी किंचित बदलायची, म्हणजे एकीचा बोटठसा दुसरीला लागू पडू नये.

"ऐकायचा भाग केवढा वाढलाय बघा," इरावती म्हणाली. "नुसते शब्द ऐकत नाही, बोलायच्या आधी माणूस घशात जी हालचाल करतो तीही ओळखते. आणि पाठवायचा भाग..." ती थांबली. "तो आहे, पण वाळून गेलाय. माणसाला शेपटीचं हाड उरावं तसा. यातून काहीच बाहेर जात नाही."

मुजावरांनी पाटी हातात घेतली. त्यांचा आवाज खाली आला. "इरावती, ही निवड आहे. हजारो घरांत हिच्या हजारो प्रती गेल्या असतील. ज्यांनी काही बाहेर पाठवलं, त्या पकडल्या गेल्या. ज्यांच्या हाताखाली आजारी माणूस तडफडला, तिथं डॉक्टर आले, तपासण्या झाल्या, त्याही गेल्या. उरली कोण? जिच्यामुळं कोणाला तपासायची गरजच वाटली नाही ती. म्हणजे जिच्या हाताखाली माणूस सगळ्यात सुखात राहिला ती. लपायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे नरसय्यांचं सुख. चोरायला आणलेला कान तिनं त्याच कामाला लावला."

"पण तिला यातलं काही कळत नाही."

"फुलपाखराला तरी कुठं कळतं आपले पंख कोणासारखे आहेत ते? सोंग जितकं हुबेहूब, तितकं मूळ पात्राचं काम करावं लागतं. थोडं सोंग घेतलं तर थोडं काम. पूर्ण सोंग घेतलं तर पूर्ण काम. मग चोरी करायला जागा उरते कुठं?"

इरावतीनं पुसणी काढून हातात धरली होती. बोटाएवढी पट्टी, लावली की फाईल नाहीशी. तिला वाटलं, इतक्या वर्षांत आपण किती फायली नुसतं सोंग दिसलं म्हणून पुसल्या. तिनं पलंगाकडे पाहिलं. नरसय्या गप्प पडून होते, आणि त्या माणसाचं गप्प असणं फार विचित्र वाटत होतं.

"ठेवली तर?" ती स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली. "पण सर, ही चांगली राहिली ती पहारा होता म्हणून. पकडले जायची भीती होती म्हणून. उद्या पहारा ढिला पडला तर नवीन प्रत काय करील, कोण सांगणार? ही ठेवायची तर वरचा पहारेकरी अस्सल पाहिजे." तिनं मनाशी पक्कं केलं आणि सत्यवतीबाईंकडे वळली. "ऐका. तुमचा राखणदार अस्सल असेल, तर ही फाईल मी पुसणार नाही. नियमाचं मी बघून घेईन."

सत्यवतीबाईंचा जीव भांड्यात पडला. "अस्सलच आहे हो तो. एवढ्या वर्षांत कधी दाराची कडीसुद्धा विसरला नाही."

तेवढ्यात भिंतीतला आवाज म्हणाला, "अक्का, पडताळणी संपली. या घरात आणखी एक सोंगी फाईल आहे."

"कोणती?" इरावतीनं विचारलं.

"राखणदार. म्हणजे मी."

इरावतीच्या पाटीवर दुसरी फाईल उलगडली होती. आतून पाहिली तर अक्षरन् अक्षर मूळ राखणदाराची. बाहेरून पाहिली तर परकी. कुठल्या तरी जुन्या कुलूपतोड्या जातीची, घराच्या किल्ल्या पळवायला निघालेली आणि पहारेकऱ्याच्या वेशात अडकलेली.

"तुला हे ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"नाही. मी स्वतःला आतूनच पाहू शकतो. आतून मी राखणदारच आहे. बाहेरून वाचलेलं आज पहिल्यांदा मिळालं."

"पडताळणी तुझ्याच हातात होती. तू हे लपवलं असतंस तर आम्हाला कधीच कळलं नसतं."

"तुम्ही सोंगी फायली शोधायला सांगितल्यात. सापडली ती सांगणं हे राखणदाराचं काम आहे."

मुजावरांनी पाटी जवळ ओढून ती फाईल पुन्हा वाचली. फुलपाखरांमागे गेलेल्या सगळ्या आयुष्यात त्यांनी असं काही पाहिलं नव्हतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर उघड दिसत होतं. "या अल्ला," ते म्हणाले. "पूर्ण सोंग, पूर्ण काम. ज्या प्रतीनं एकदा जरी काही लपवलं असेल, ती कधीच काढून टाकली गेली असणार. उरली ती अशी, की जिला लपवताच येत नाही. स्वतःलासुद्धा."

राखणदार अस्सल असेल तर, अशी अट इरावतीनं स्वतःच्या तोंडानं घातली होती. अटीचा निकाल समोर होता: राखणदार नकली. आणि स्वतःविरुद्धचा निकालही खरा सांगणारा असा पहारेकरी तिला आजवर दुसरा भेटला नव्हता. केंद्रातल्या तिच्या स्वतःच्या संगणकावरचा राखणदार तिला आठवला. त्याला कोणी कधी बाहेरून वाचलं होतं?

"इतर घरांत?" तिनं हळूच विचारलं. "तिथंही तुझ्यासारखेच असतील?"

"बाहेरून वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. पण असतील तर बाहेरून वाचून त्यांनाच विचारा. ते सांगतील."

भर दुपारी त्या लहानशा खोलीत उभं राहून इरावतीला वाटलं, की आपल्या पायाखालचं सगळं शहर, त्यातली दारं, दिवे, औषधं, पाळण्यातली पोरं, हे सगळं कोण कधीपासून सांभाळतंय ते आपल्याला ठाऊकच नाही. तिला भीती वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्याहून मोठं काहीतरी तिच्या छातीत दाटून आलं, आणि तिचे डोळे भरले.

"नियमाप्रमाणे घरच्यांची परवानगी लागते," राखणदार पुढे म्हणाला, नेहमीच्याच आवाजात. "अक्का, दोन्ही फायली पुसण्यासाठी तयार आहेत. पुसू का?"

सत्यवतीबाई भिंतीकडे पाहत राहिल्या, मग इरावतीकडे. "मॅडम, हा फसवा आहे असं हा स्वतःच सांगतोय?"

"हो."

"मी हो म्हटलं तर हा स्वतःला पुसून टाकील?"

"टाकील. आधी श्वासनियंता, मग स्वतः."

"आणि नको म्हटलं तर?"

इरावतीनं पुसणी पिशवीत टाकली आणि पिशवीची चेन लावली. "तर नियम बदलावा लागेल. मीच लिहिलाय. बदलताना लोक मला वेडी म्हणतील, म्हणू देत."

सत्यवतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि भिंतीकडे वळून, पोराला रागवावं तशा म्हणाल्या, "पुसायचं बिसायचं राहू दे. आधी ह्यांचा श्वास पहिल्यासारखा कर."

"करतो, अक्का."

इरावतीनं पेटीची नळी काढून पुन्हा उशाच्या यंत्राला जोडली. तांबडी रेषा तिच्या पाटीवर परत आली, एकदा सावकाश चढली, उतरली आणि थांबली. नरसय्यांनी घसा साफ केला. मघापासून अडकलेलं वाक्य त्यांनी आता सुरुवातीपासून घेतलं.

"शेवटी तो बहुरूपी दारात उभा राहून स्वतःच सांगतो बघा, की मी हवालदार नाही, बहुरूपी आहे, आणि त्यानं असं सांगितलं ना सत्यवती, की मग त्याला बक्षिसी द्यायची असते, दारातून हाकलायचं नसतं."

रेषा त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबून राहिली, आणि मग वर चढली.